विद्या वाटावी, प्रश्न राखावा

परीक्षा संपवून उमेदवार बाहेर पडला की दाराशी थांबलेल्या माणसांचा त्याला पहिला प्रश्न असतो, "काय आले होते?" शाळेच्या दिवसांपासून ही विचारपूस आपल्या कानांवर पडत आली आहे आणि तीत कोणालाही काही वावगे वाटत नाही. छापील प्रश्नपत्रिका हातात असते, परीक्षा होऊन गेलेली असते, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीपलीकडे दुसरे काही नसते. परंतु डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट अशा व्यवसायांचा परवाना देणाऱ्या परीक्षेविषयी तीच विचारपूस होते, आणि 'ह्यातील प्रश्न मी कोणासही सांगणार नाही' असे उत्तर देणाऱ्याने परीक्षेपूर्वीच कबूल केलेले असते, तेव्हा त्या साध्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. मागून येणाऱ्यास मदत करावी, की दिलेला शब्द पाळावा? अनेक प्रामाणिक तरुणांपुढे आज हा पेच उभा आहे. तो खरा आहे. परंतु वाटतो तितका न सुटणारा नाही, असे आमचे मत आहे.

हा पेच महानगरांतील सुशिक्षितांचा, गावखेड्यांशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. वस्तुतः त्याची झळ जामखेडसारख्या तालुक्यालाच अधिक लागते. बीड, धाराशिव आणि सोलापूर ह्या जिल्ह्यांच्या शिवेला भिडलेला आपल्या जिल्ह्याचा हा अवर्षणप्रवण कोपरा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली कितीतरी बिऱ्हाडे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरातील मुलगी परिचारिका होते, मुलगा किर्गिझस्तानात किंवा जॉर्जियात जाऊन वैद्यकाची पदवी घेऊन येतो, तेव्हा त्या घराण्यातील त्या व्यवसायाचा तो पहिलाच माणूस असतो. शहरातील डॉक्टरांच्या मुलास परीक्षेची रीतभात जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या कळते. फी भरू शकणाऱ्यास ती खासगी वर्गात कळते. पहिल्या पिढीच्या ह्या उमेदवारास मात्र एकच मार्ग असतो, तो म्हणजे आपल्या भागातून आधी गेलेल्या कोणाला तरी गाठून विचारणे. अनुभवी माणसाचा सल्ला हेच त्याचे भांडवल. म्हणून असा सल्ला देऊच नये, असा नियम कोणी करू पाहील तर तो ह्या उमेदवारावर अन्याय करील. आणि सल्ल्याच्या नावाखाली परीक्षेतले प्रश्नच वाटले जाऊ लागले तर त्याचाही फटका अखेरीस ह्याच उमेदवारास बसेल. ह्यांपैकी पहिले विधान कोणासही पटेल. दुसरे मात्र उलगडून सांगावे लागते.

पहिल्याविषयी आधी थोडे बोलू. ज्ञान कोंडून ठेवल्याचे परिणाम महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहेत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनातील गाऱ्हाणेच असे होते की, महसूल रयतेच्या घामातून जमा होतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांपाशी थांबते. जामखेडने तर ह्या बाबतीत साऱ्या जगाला धडा घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० मध्ये येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर किंवा जेमतेम अक्षरओळख असलेल्या स्त्रिया आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून तयार झाल्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, गरोदरपणातील काळजी, बाळाची हगवण, पोषण, लसीकरण ह्यांविषयी शिकत, आणि शिकलेले आपल्या गावी जाऊन इतरांस शिकवीत. जे ज्ञान तोवर डॉक्टरांच्या मक्त्यात होते ते चुलीपाशी पोहोचले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो ह्याच कार्यासाठी. अशा भूमीतील माणसास गुप्ततेचा उल्लेख होताच संशय यावा, हे स्वाभाविक होय. 'ज्ञान सर्वांचे आहे, तर मग प्रश्न का लपवायचे?' असे तो विचारील, आणि त्याचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही.

त्याचे उत्तरही जामखेडच्याच अनुभवात आहे. त्या गावकार्यकर्तीस कोणी लेखी परीक्षा देऊन परवाना दिला नव्हता, आणि त्याची तशी गरजही नव्हती. ती ज्या गावात राहत होती तेच गाव तिची परीक्षा घेत होते. बाळंतीण सुखरूप आहे की नाही, मूल अंगी धरू लागले की नाही, हे सारे गाव उघड्या डोळ्यांनी पाहत होते. ही परीक्षा रोजची होती, आणि तिची प्रश्नपत्रिका फोडणे कोणाच्याच हाती नव्हते. परंतु अपघातात सापडलेला माणूस शहरातील रुग्णालयात नेला जातो तेव्हा आपल्या दंडात सुई टोचणाऱ्या परिचारिकेस तो ओळखत नाही. तिने काय शिकले, कसे शिकले, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या वतीने कोणीतरी आधीच खात्री करून घेतलेली असावी लागते. परवाना परीक्षा ती खात्री होय. परीक्षक आणि उमेदवार ह्या दोघांतील तो केवळ करार नव्हे. तेथे हजर नसलेल्या तिसऱ्या माणसास, म्हणजे रुग्णास, विद्यार्थ्यास, अशिलास, दिलेले ते अभिवचन आहे. ज्ञान वाटल्याने ते अभिवचन बळकट होते; प्रश्न वाटल्याने ते पोकळ होते.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण सर्व परीक्षा एका जातीच्या नसतात. सनदी लेखापालांची परीक्षा घ्या, वकिलांची २०११ पासून होत असलेली अखिल भारतीय परीक्षा घ्या, किंवा शिक्षकांची पात्रता परीक्षा म्हणजे 'टीईटी' घ्या. ह्या परीक्षांतील प्रश्न परीक्षेच्या घटकेपर्यंत गुप्त असतात. परीक्षा पार पडली की ते उघड होतात. टीईटीच्या अंतरिम उत्तरसूचीवर तर उमेदवारांस आक्षेपही नोंदविता येतात. अशा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, त्यांवर चर्चा करणे, दुसऱ्यास समजावून देणे ह्यात लवमात्र दोष नाही. तो अभ्यासाचा भागच आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच तत्त्व मांडले. प्रश्नपत्रिका व नमुना उत्तरे परीक्षेपूर्वी उघड करता येणार नाहीत. परंतु परीक्षा संपल्यावर तोच आक्षेप टिकत नाही. गोपनीयता ही काळावर आणि स्थितीवर अवलंबून असते, असे न्यायालयाच्या म्हणण्याचे सार होय.

दुसऱ्या जातीच्या परीक्षा मात्र प्रश्नसंचयावर चालतात. परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांस भारतात व्यवसाय करण्यापूर्वी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा, म्हणजे 'एफएमजीई', ही अशी आहे. अमेरिकेत परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांची 'एनक्लेक्स' आणि तेथेच डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांची 'यूएसएमएलई' ह्याही अशाच. येथे एकेक प्रश्न तज्ज्ञांकडून लिहून, तपासून घेतला जातो, त्याची काठिण्यपातळी अजमावली जाते, आणि मग तो संचयात ठेवून पुन्हा वापरला जाऊ शकतो. एनक्लेक्समध्ये उमेदवारास ८५ ते १५० प्रश्न येतात, त्यांतील १५ गुणांत धरलेच जात नाहीत. ते पुढील परीक्षांसाठी पारखले जात असतात. प्रत्येकाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न संगणक निवडतो. आज परीक्षा दिलेल्याचा प्रश्न उद्या दुसऱ्यापुढे जसाच्या तसा येऊ शकतो. म्हणूनच येथे 'परीक्षा होऊन गेली, आता सांगायला काय हरकत?' हा युक्तिवाद लागू पडत नाही. तुमची परीक्षा होऊन गेली असेल. त्या प्रश्नाची व्हायची आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एफएमजीईत ३०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. वैद्यकाचे सारे ज्ञान काही तीनशे प्रश्नांत मावत नाही. हाताशी आलेल्या शितांवरून भांड्यातल्या भाताचा अंदाज घ्यावा, तसा तो प्रकार आहे. ह्या पद्धतीचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे कोणते शीत उचलले जाणार हे आधी कोणास ठाऊक नसावे. ते ठाऊक असेल तर माणूस नेमकी तेवढीच शिते निराळी शिजवून ठेवील. परीक्षकाच्या बोटांना ती मऊ लागतील, आणि उरलेला भात कच्चाच राहील. जेवणाऱ्याच्या पोटात मात्र तो कच्चा भातच जाणार आहे. परीक्षेतून बाहेर पडून आठवतील तितके प्रश्न उतरवून काढणे, दहा-वीस जणांच्या आठवणी जुळवून त्यांचा संच करणे, आणि तो मोबाइलवरून फिरवणे ह्यास उमेदवारांच्या भाषेत 'रिकॉल' म्हणतात. रिकॉल करणारा बहुधा स्वतःस चोर समजत नाही. 'मी काही कागद पळवला नाही. माझ्या डोक्यात होते ते सांगितले,' असे तो म्हणतो. परंतु शीत हातावरून गेले काय आणि स्मरणातून गेले काय, भाताविषयीची खात्री दोन्हीकडे सारखीच नाहीशी होते.

ही केवळ तात्त्विक भीती नव्हे. २०१० साली अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांची परवाना परीक्षा घेणाऱ्या महासंघाने इजिप्त, भारत, पाकिस्तान आणि फिलिपिन्स ह्या चार देशांतील पदवीधरांना परीक्षेस बसणे थांबविले. प्रश्न स्मरणातून उतरवून वाटण्याचे प्रकार ह्या देशांतील उमेदवारांत मोठ्या प्रमाणावर आढळले, असे त्याचे म्हणणे होते. त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा योजण्यात आली. पूर्वी सोयीच्या दिवशी देता येणारी ही परीक्षा पुढे सर्वांसाठीच वर्षातील ठरावीक दिवसांवर आली. एक प्रश्नही न विचारलेला, न सांगितलेला मराठी फिजिओथेरपिस्टही त्या बंदीत सापडला. त्याचा अपराध एवढाच की त्याची पदवी भारतातील होती.

फिलिपिन्समध्ये जून २००६ च्या परिचारिका परवाना परीक्षेस सुमारे ४२ हजार उमेदवार बसले होते. तिच्या दोन भागांतील प्रश्न आधीच फुटल्याचे उघड झाले. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने ठरविले की, त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनी ते दोन भाग पुन्हा दिल्यावाचून त्यांस तेथे काम करण्यासाठीचे प्रमाणपत्र मिळणार नाही. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता त्यांच्याही यशावर शिक्का बसला. आणखी अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस यूएसएमएलईच्या चालकांनी नेपाळशी संबंधित असलेल्या सुमारे आठशे डॉक्टरांचे गुण अवैध ठरविले, कारण त्यांच्या उत्तरांचा नमुना प्रश्न आधीपासून ठाऊक असल्यासारखा दिसला. एका डॉक्टरांनी न्यायालयात धाव घेतली, परंतु तातडीचा दिलासा मिळाला नाही. ह्या तिन्ही उदाहरणांत शिक्षेचे माप व्यक्तीपुरते राहिले नाही. ते देशाच्या, विद्यालयाच्या नावावर पडले. तो न्याय झाला की अन्याय, ह्यावर वाद होऊ शकतो, आणि निरपराधांपुरता तो अन्यायच झाला असे आम्ही म्हणू. पण गुप्त प्रश्न 'आपल्या माणसांना' सांगणारा माणूस आपल्याच माणसांच्या वाटेत काटे पेरतो, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

परदेशाकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याजोगी आपली स्थिती नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या आरोग्य विभागाच्या भरती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटल्या. त्याच तपासाच्या ओघात टीईटीतील गैरप्रकार बाहेर आला, राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेतील साडेसात हजारांहून अधिक उमेदवार २०२२ मध्ये अपात्र ठरविण्यात आले. मे २०२४ च्या नीट परीक्षेचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्न फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले. मात्र सबंध परीक्षाच दूषित झाल्याचे दिसत नाही म्हणून ती रद्द केली नाही. त्याच जूनमध्ये केंद्राचा परीक्षाविषयक नवा कायदा अमलात आला. संघटितपणे प्रश्न फोडणाऱ्यांस त्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे.

हा कायदा प्रश्नांचा बाजार मांडणाऱ्यांसाठी आहे; उमेदवारांवरील कारवाई त्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या नियमांवर सोपविली आहे. ते योग्यच झाले. पोराटोरांना तुरुंगात डांबून परीक्षा शुद्ध होत नसतात. परंतु त्यामुळेच एक जबाबदारी कायद्याकडून निसटून आपल्याकडे येते. पैसे घेऊन प्रश्न विकणारा गुन्हेगार आहे, हे सर्वांस मान्य आहे; पैसे न घेता, केवळ स्नेहापोटी प्रश्न सांगणारा मात्र आपल्या नजरेत उदार ठरतो. ह्या उदारतेची तपासणी करण्याची वेळ आली आहे. जे आपले नाही ते वाटणे ह्यास औदार्य म्हणत नाहीत. आणि बाजाराला माल पुरवणारे बहुधा हेच उदार लोक असतात. त्यांनी फुकट सांगितलेले दहा-दहा प्रश्न गोळा करून कोणीतरी त्यांची पुस्तिका बांधतो आणि हजारो रुपयांना विकतो. ती विकत घेण्याची ऐपत ऊसतोड कामगाराच्या मुलाची नसते. 'गरिबांना तेवढीच मदत' म्हणून सुरू झालेली गोष्ट श्रीमंतांच्या हातचे हत्यार होऊन परत येते. जून २०२५ च्या एफएमजीईत ३६ हजारांवर उमेदवार बसले आणि पाचांतील चार जण अनुत्तीर्ण झाले. जेथे अपयश इतके व्यापक, तेथे रिकॉलच्या पुस्तिकेचा मोह किती असेल ह्याची कल्पना करावी. आणि ती पुस्तिका कोणाला परवडते ह्याचीही.

मग मदत करावी तरी कशी? आमच्या मते सल्ला देणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, मी जे सांगत आहे ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या माहितीत बसते काय? दुसरा, ज्या प्रश्नावरून मला हे सुचले तो प्रश्न पुन्हा कधीच आला नाही तरी माझा सल्ला ऐकणाऱ्याच्या उपयोगाचा राहील काय? तिसरा, परीक्षक आणि ज्याच्या हिताकरिता ही परीक्षा आहे तो रुग्ण किंवा विद्यार्थी, दोघे समोर बसले असता हेच शब्द मी मोकळेपणाने उच्चारीन काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर बेलाशक सांगावे. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर तोंडाशी आलेला शब्द गिळावा.

ह्या कसोट्या लावून पाहिल्या तर सांगण्याजोगे किती शिल्लक उरते, हे पाहून आश्चर्य वाटेल. अभ्यासास किती महिने दिले, नोकरी सांभाळून वेळ कसा काढला, कोणते पुस्तक आधी घ्यावे आणि कोणते बाजूस ठेवावे, संस्थेने प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न केव्हा सोडवावेत, चुकलेल्या उत्तरांची वही कशी ठेवावी, हे सर्व सांगता येते. केंद्रावर किती आधी पोहोचावे, ओळखपत्रावरील नाव आणि अर्जातील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काय अडचण येते, संगणकापुढे सलग बसण्याची सवय कशी करावी, मधल्या सुटीत काय खावे, एक प्रश्न अडला तर त्यावर किती वेळ घालवावा, हेही सांगता येते. आपण कोठे कमी पडलो ते सांगावे: 'औषधांच्या मात्रांचे गणित मी कच्चे ठेवले होते, तू ठेवू नकोस.' अनुत्तीर्ण झाल्यावर पुन्हा उभे कसे राहिलो ते तर अवश्य सांगावे. त्याइतका मोलाचा सल्ला दुसरा नाही. सांगू नये ते एवढेच: प्रश्नाचे शब्द, त्याचे पर्याय, त्यातील चित्र, त्यातील रुग्णाची हकीकत, नावे आणि आकडे बदलून केलेला त्याचा फेरफारही नव्हे, आणि 'अमुक आजार नीट वाच, कळेल का ते तुला' अशी डोळा मिचकावून केलेली सूचनाही नव्हे. शेवटच्या प्रकारात शब्द पाळल्याचा आव असतो आणि शब्द मोडलेला असतो.

एकाच परीक्षेची अनेक सत्रे असतील तर हे पथ्य अधिकच कडक पाळावे लागते. सकाळच्या सत्रातून बाहेर आलेल्याने दुपारच्या सत्रास जाणाऱ्यास विषयांची नुसती यादी सांगितली, तरी दोघांना सारखे माप लागत नाही. मग गुणांचे समायोजन करावे लागते, आणि त्यातून नवे वाद उद्भवतात. २०२३ च्या तलाठी भरतीत समायोजनानंतर दोनशेपैकी दोनशे चौदा गुण पाहून सामान्य माणूस चक्रावला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. २०२५ ची नीट-पीजी परीक्षा एकाच सत्रात घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला तोही ह्याच जातीच्या तक्रारींतून.

उमेदवारांस इतके सांगितल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थांस सोडून देणे पक्षपाताचे होईल. गोपनीयता प्रश्नांची असावी, कारभाराची नव्हे. अनेकदा उलटेच घडते. प्रश्न फुटतात आणि कारभार मात्र बंदिस्त राहतो. गुण कसे दिले, उत्तरसूची कोणती, समायोजनाचे सूत्र काय, हे नीट-पीजीच्या बाबतीत जाहीर करावे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये सांगावे लागले. संस्थेने ते आपण होऊन करावयास हवे होते. जेथे अभ्यासक्रम मोघम, नमुना प्रश्न तुटपुंजे आणि अनुत्तीर्णास तो कोणत्या विषयात कमी पडला हेही कळत नाही, तेथे उमेदवार काळोखात चाचपडतो, आणि काळोखात चाचपडणाऱ्यास रिकॉलवाला दिवा घेऊन आल्यासारखा वाटतो. म्हणून संस्थांनी विषयवार गुणांची विभागणी द्यावी, जुने झालेले, संचयातून काढलेले प्रश्न उत्तरांच्या स्पष्टीकरणासह विनामूल्य खुले करावेत, आणि काय सांगता येते व काय सांगता येत नाही ह्याची सोपी सूचना मराठीसह सर्व भाषांत द्यावी. करारातील कायदेशीर इंग्रजी वाचल्याविना 'मान्य' असे कळ दाबून कबूल करणाऱ्यास शब्दभंगाचा दोष देताना, तो शब्द त्याला कळला होता काय, हेही पाहिले पाहिजे.

हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे त्यास आणखी एक कारण आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या कार्यरत शिक्षकांसही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसांस पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसावयाचे आहे. १५० गुणांच्या ह्या परीक्षेत खुल्या गटास ६० टक्के गुण लागतात. आम्ही स्वतः वर्गात उभे राहून खडू झिजवलेला असल्याने ह्या वयातील परीक्षेची धास्ती आम्हांस समजते, आणि निर्णयावर मतभेद असू शकतात हेही मान्य आहे. परंतु ज्याने वर्षानुवर्षे मुलांची कॉपी पकडली त्यानेच 'पेपर मिळेल का?' अशी चौकशी करावी, ह्याहून मोठा पराभव शाळेचा दुसरा कोणता? नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात पोलिसांना अशाच टोळीवर कारवाई करावी लागली. धास्ती हीच अशा टोळ्यांची गिऱ्हाइके जमवते. ती धास्ती दूर करण्याचे काम मात्र शेजारच्या शाळेतील उत्तीर्ण झालेला तरुण शिक्षक सहज करू शकतो. बालमानसशास्त्राचा भाग जुन्या मंडळींस जड जातो. तो त्याने समजावून द्यावा. त्याबदल्यात वर्ग कसा सांभाळावा हे त्याने त्यांच्याकडून शिकावे.

जामखेडच्या आरोग्य-कार्यकर्त्या दर आठवड्यास एकत्र बसून एकमेकींना शिकवीत. तीच रीत आता परीक्षार्थींनी उचलावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तालुक्याच्या गावी वाचनालय असते, अभ्यासिका असते, शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. परवाना मिळवून बाहेर गेलेली परिचारिका, चाळणी पार केलेला डॉक्टर, सनद घेतलेला वकील, टीईटी उत्तीर्ण शिक्षक हे सुटीत गावी येतात. त्यांनी दोन घटका मागच्यांसाठी द्याव्यात, आणि बैठकीच्या आरंभीच स्वच्छ सांगावे: 'प्रश्न विचारू नका, मी सांगणार नाही, बाकी काहीही विचारा.' ह्या एका वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनातील अपेक्षा जाग्यावर येते आणि सांगणाऱ्याची जीभ मोकळी होते. पालकांनीही परीक्षेच्या दारात 'काय आले होते?' ऐवजी 'कसा गेला?' एवढेच विचारण्याची सवय लावून घ्यावी.

कोणी म्हणेल, सारे जग रिकॉल वाचत असता एकट्या जामखेडच्या मुलाने सचोटी का पाळावी? त्याने ती पाळावी, कारण परवाना मिळाल्यानंतरचे त्याचे सारे आयुष्य असल्या गुपितांनीच भरलेले असणार आहे. रुग्णाचा आजार, अशिलाची कबुली, घर सोडून आलेल्या विद्यार्थिनीची अडचण, हे सारे त्याच्या ओठांआड सुरक्षित राहील ह्या विश्वासावर लोक त्याच्या दारी येतील. स्नेह्याने आग्रह केला तरी तेथे तोंड उघडता येत नाही. ही शिस्त परवान्याबरोबर कागदावर छापून मिळत नाही. परीक्षा आटोपून बाहेर पडताना, दारात उभ्या असलेल्या जिवलग मित्राने 'काय आले होते?' म्हणून विचारले असता त्याला काय सांगायचे आणि काय नाही, तेथपासून ती सुरू होते.